बिनबाळाची बाळंतीण

पाटोद्याच्या त्या घरात मी जायला लागले ते दोन जावांसाठी. थोरलीचं तिसरं बाळंतपण होतं, धाकटीचं पहिलं, आणि दोघींचे दिवस एकाच महिन्यात भरत होते. बीडला प्रसूतीच्या वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर, नोकरी सांभाळून, मी पुढचं नर्सिंगचं शिक्षण घ्यायला लागले होते. त्यासाठी एक संशोधन करावं लागतं. वॉर्डात बाळंतीण आमच्या नजरेसमोर असते ती दोन-तीन दिवस. टाके बघायचे, अंगावरून किती जातंय ते बघायचं, बाळ अंगावर पितंय ना याची खात्री करायची आणि घरी पाठवायचं. पुढचा सव्वा महिना तिच्या शरीराचं काय होतं, ते आम्हाला कळत नाही. तिला काही झालं तर ती परत येते तेव्हा कळतं, तेही आलीच तर. मी तोच विषय घेतला. पाटोदा तालुक्यातल्या काही गरोदर बाया निवडल्या. बाळंत झाल्यावर ठरलेल्या आठवड्यांना त्यांच्या घरी जायचं आणि ताप, टाके, रक्तस्राव, दूध, जेवण, झोप, मन असं सगळं विचारायचं, तपासायचं.

घर फळवाल्यांचं होतं. सासू आठवडी बाजारात बसायची. सीताफळाच्या दिवसांत सीताफळं, एरवी केळी आणि पेरू. थोरला मुलगा गावोगाव माल पोचवायचा. धाकट्याचं बसस्टँडच्या मागं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो भरून द्यायचा. दोन पत्र्याच्या खोल्या, मधे फरशीचं अंगण, अंगणात पाण्याचा हौद.

धाकटी जेमतेम विशीची होती. माझं माहेर लिंबागणेशचं आणि तिचं तिथूनच जवळच्या एका वाडीचं, हे कळल्यावर ती इतकी खूश झाली, की मला बाजूला बसवून म्हणाली, "म्हंजे तुमी माझ्या माहेरच्या झालात." तिला फार प्रश्न पडायचे. बाळ पोटात झोपतं का, त्याला आवाज कळतो का, मी तिखट खाल्लं तर त्याला लागतं का. एकदा मी तपासत असताना पोटात बारीक बारीक उडायला लागलं. ती घाबरली. मी तिचा हात तिथं धरला आणि सांगितलं, "उचकी लागलीय त्याला."

"पोटात? उचकी?" ती इतकी हसली, की सासू बाहेरून बघायला आली. "अम्मी, याला उचकी लागली," ती म्हणाली, "कुणीतरी याद करतंय."

थोरली आधी बाळंत झाली. मुलगा. दोन मुलींवर झालेला, म्हणून घरात आनंद होता. आठवड्याभरात धाकटीच्या कळा सुरू झाल्या. मी तेव्हा बीडला होते. पाटोद्याच्या आशाताईंचा, तिथल्या आरोग्य कार्यकर्तीचा, फोन आला. त्या मला दर बाळंतपणाची खबर द्यायच्या. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखं मुलगा की मुलगी यापासून सुरुवात केली नाही.

"धाकटीचं गेलं, सिस्टर. पोरगी होती. लई वेळ लागला बाहेर यायला. रडलीच न्हाई. अँब्युलन्सनं बीडला चालवलं होतं, वाटंतच गेली."

मी त्यांना विचारलं, "आई कशी आहे?"

"आई?" त्या म्हणाल्या. "बरी हाय. टाके हायत. घरी सोडतील आता."

पुढच्या आठवड्यात मी त्या घरी गेले ती थोरलीला तपासायला, ठरल्याप्रमाणे. अंगणात धाकटी हौदातून बादली भरून काढत होती. चुलीवर पाण्याचं पातेलं उकळत होतं. तिची कमीज छातीपासून पोटापर्यंत ओली होती. मला वाटलं, पाणी सांडलं असेल. जवळ गेल्यावर कळलं, ते पाणी नव्हतं.

"तू कावून उचलतीस?" मी म्हटलं. "टाके ओले हायत ना तुझे?"

"भाबीच्या अंघोळीचं हाय," ती म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

सासूनं मला आत घेतलं. ती दुष्ट बाई नव्हती, हे मला आधी सांगायला हवं. तिचेही डोळे सुजलेले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "मीच लावते तिला कामाला. बसली का रडती. हात चालू असला का जरा बरं ऱ्हातंय." मग दाराकडं बघत तिनं दुसरी गोष्ट काढली. "बाई, एक इचारू? थोरलीला दूध कमी हाय. पोरगं सारखं किरकिर करतंय. आन् हिचं बघा, वाया चाललंय. हिनं पाजलं त्याला तर? आमच्यात दूध पाजलं का ते बी लेकरूच होतंय. हिला बी एक लेकरू झालं असतं."

मी म्हटलं, "तिला विचारलं का तुम्ही?"

"तिला काय इचारायचं? घरातलंच तर पोरगं हाय."

"तिला विचारावं लागंल," मी म्हटलं.

थोरली खाटेवर होती. खाटेखाली शेगडी, खोलीत लोबानचा धूर, उशाशी सुक्यामेव्याच्या गोड हरीऱ्याची वाटी झाकून ठेवलेली. बाळंतिणीला जे जे करायचं ते सगळं तिला मिळत होतं, आणि ते बघून एरवी मला बरं वाटलं असतं. मी बसले आणि माझे प्रश्न सुरू केले. धाकटी उंबऱ्यापलीकडं लसूण सोलत बसली होती. मधे दार नव्हतं, पडदा होता.

"ताप येतो का?"

"न्हाई," थोरली म्हणाली.

"अंगावरून जास्त जातंय का? वास येतो का?"

"न्हाई. कमी झालं आता."

"माझं जातंय," पडद्यापलीकडून आवाज आला. "लई जातंय. वास बी येतोय."

थोरलीनं माझ्याकडं बघितलं. मी हातातला पेन तसाच धरून राहिले. मग पडद्यापलीकडून पुन्हा, अगदी सरळ आवाजात, जणू तिचा नंबर आला होता: "ताप बी येतोय मला. दोन रोज झाले. तुमी इचारताय तर सांगते."

मी उठून तिच्याकडं गेले. कपाळाला हात लावला तर चटका बसला. तिला आतल्या खोलीत घेतलं. दूध भरून छाती दगडासारखी घट्ट झाली होती, वर ओढणी आवळून बांधली होती, आत कुणाच्या तरी सल्ल्यानं दूध आटावं म्हणून ठेवलेली, कोमेजलेली मोगऱ्याची फुलं. पोटाला नुसता हात लावला तरी ती दात आवळत होती. दूध कुठं जाणार, किती दिवस येणार, कसं थांबणार, हे तिला दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. बाळ गेलं त्याबद्दल सगळे बोलले. तिच्या दुधाचं काय, यावर कुणाचंच तोंड उघडलं नव्हतं.

मी फडकं गार पाण्यात पिळून तिच्या छातीवर ठेवलं. सांगितलं, की पिळून काढू नको, अगदी सहन होत नसेल तर थोडंसं, जिवाला आराम पडेल इतकंच. हळूहळू आपोआप सुकेल. मग सासूनं विचारलेलंही सांगितलं. सांगायला मला जड गेलं, पण तिला न विचारता कुणी तिच्या मांडीवर ते बाळ आणून ठेवण्यापेक्षा हे बरं होतं.

तिनं फडक्यावर हात दाबला.

"न्हाई," ती म्हणाली. "ते माझ्या पोरीचं हाय. सुकू द्या."

मी बाहेर येऊन सासूला दोन गोष्टी सांगितल्या. एक, दूध पाजायला ती नाही म्हणते. दुसरी, तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं, आत जंतुसंसर्ग झालाय, हा दुधाचा ताप नाही. सासूला पहिली गोष्ट इतकी लागली, की दुसरी तिच्या कानावरून गेली. "येवढं दगडाचं काळीज?" ती म्हणाली. "पोरगं भुकेनं रडतंय आन् ही..." मला आवाज चढवावा लागला. मग मात्र ती उठली. रिक्षा आणायला स्वतः गेली, आणि रिक्षात धाकटीला आपल्या अंगावर टेकवून बसली. वाटभर तिच्याशी बोलली नाही, पण तिच्या पाठीवरचा हातही काढला नाही.

पाटोद्याहून तिला बीडला पाठवलं. वारेचा तुकडा आत राहिला होता. पिशवी साफ करावी लागली, सलाइनमधून औषधं सुरू झाली, दोन दिवसांनी ताप उतरला. खाट मिळाली ती बाळंतिणींच्याच वॉर्डात, कारण दुसरीकडं जागा नव्हती. दोन्ही बाजूंना बाळं. मी माझी ड्युटी संपली की तिच्याजवळ जाऊन बसायचे. एकदा मी येताना शेजारच्या खाटेवरची म्हातारी तिला विचारत होती, "तुझं लेकरू कुठंय गं?"

"काचंच्या पेटीत ठिवलंय," ती म्हणाली.

म्हातारीनं हात जोडून वर बघितलं. "देव बरं करील."

मी पुढं गेले आणि उशी सारखी करत राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी ऐकलंय हे तिला कळलं. ती म्हणाली, "किती जणींला सांगू? काचंत म्हणलं का पुढं कुणी इचारत न्हाई."

त्याच दिवसांत माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी फोन केला. त्या मोठ्या शहरातल्या कॉलेजात शिकवायच्या, हुशार होत्या, माझ्याशी कायम चांगल्या वागल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. "तिला मात्र आता वगळा. आपण आई आणि बाळ अशी जोडी धरली आहे. बाळच नाही म्हटल्यावर निम्मे प्रश्न बसत नाहीत."

"मॅडम, निम्मे बसतात ना. ताप, रक्त, टाके, झोप. तिला तर थोरलीपेक्षा जास्त त्रास झाला."

"म्हणूनच. एकीमुळं सगळं विश्लेषण बिघडेल. तुमचं मन मला कळतं, पण अभ्यास अभ्यासासारखा करा."

मी वगळलं. तिच्या नावापुढं लिहिलं, की अभ्यासातून बाहेर. थोरलीचं सगळं भरत राहिले. तिचं दूध वाढलं, बाळाला धरायची पद्धत बदलल्यावर ते नीट प्यायला लागलं, टाके भरले. थोरलीची माहिती अगदी छान आली.

सुटी मिळायच्या आदल्या दिवशी धाकटी मला म्हणाली, "सिस्टर, तिला मी बघितलंच न्हाई."

"कुणी दाखवली नाही?"

"मी बेसुद्धीत होते. नंतर म्हणाले, नको, बघितल्यावर इसरता येत न्हाई." ती छताकडं बघत होती. "न बघता तरी कुठं इसरतंय? नुसतं डोळ्याम्होरं काईबी येतंय. कधी एक तोंड, कधी दुसरंच. यांनी बघितलंय. यांनीच नेलं तिला. मला सांगत न्हाईत. तुमी इचारता का?"

पाटोद्याला पुढच्या खेपेला मी तिच्या नवऱ्याच्या दुकानात गेले. तो खाली बसून मोटारीत तांब्याची तार भरत होता. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. तिची तब्येत विचारली. मग पुन्हा खाली बसून तार गुंडाळायला लागला.

मी म्हटलं, "ती विचारती, पोरगी कशी होती."

त्याचा हात थांबला नाही. मला वाटलं, त्यानं ऐकलंच नाही. बाहेर बस हॉर्न वाजवत गेली. चहाचे ग्लास आले. मग तो, मान वर न करता, बोलायला लागला.

"केस लई होते. काळेभोर. इथवर." त्यानं तार धरलेल्याच हातानं आपल्या कानाच्या खाली दाखवलं. "कफन बांधताना इमामसाब म्हणले, माशाल्ला, केस बघा. येवढीच होती." तळहातापासून कोपरापर्यंत त्यानं बोट फिरवलं. "वजन काईच न्हाई. मी मोटारी उचलतो रोज. हे उचलताना मात्र हात कापत होते माझे. खाली उतरून मीच ठिवलं तिला."

"हे तिला सांगा."

"न्हाई जमत." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "दोनदा गेलतो सांगायला. दवाखान्यात खाटंजवळ उभा ऱ्हायलो. काय खाल्लं, येवढंच इचारून आलो. तुमी सांगा, सिस्टर."

दवाखान्यातून ती सासरी परत गेलीच नाही. तिची आई तिला माहेरी घेऊन गेली. सासरी तेव्हा थोरलीच्या मुलाच्या अकीक्याची, जावळ काढून बकरा कापायच्या विधीची, तयारी चालली होती. दूध न पाजल्याची गोष्ट नातेवाइकांत पसरली होती, आणि तिनं त्या दिवशी तिथं नसणंच बरं, असं दोन्हीकडच्यांना वाटलं. एका रविवारी मी माहेरी गेले होते, तिथून भावाला घेऊन तिच्या वाडीला गेले. भाऊ बाहेर तिच्या वडलांशी बोलत बसला. ती ओट्यावर तूर निवडत होती. फार वाळली होती. पापणी खाली ओढून बघितली तर आत पांढरंफटक.

मी तिला सांगितलं. केसांचं, इमामसाहेबांचं, नवऱ्याचे हात कापत होते ते. ती सुपातली तूर बोटांनी सारत ऐकत होती.

"माझ्यावानी होती का त्यांच्यावानी?"

ते मी विचारलंच नव्हतं. तिला तसं सांगितलं. तिनं मान हलवली, जणू एवढं मिळालं तेही पुष्कळ. मग थोड्या वेळानं म्हणाली, "ह्ये बी लिवणार का तुमी तुमच्या अभ्यासात?"

"नाही. तुझं लिहीत नाही आता मी."

"कावून?"

मला खोटं सांगता आलं असतं. पण तिचे प्रश्न मी कधी उडवले नव्हते. मी सांगितलं, की बाळ असलेल्या बायांचाच अभ्यास आहे, म्हणून तुला वगळावं लागलं.

तिची बोटं थांबली. "म्हंजे मी बाळंतीण न्हाई?"

"आहेस."

"मग? टाके मला पडले. दूध मला आलं. ताप मला आला. भाबीला शेगडी दिली, मला बादली दिली. घरच्यांनी मला बाळंतीण धरलं न्हाई ते समजलं मला. तुमी तर शिकलेल्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिच्या आईनं चहा आणला, मी तो घेतला आणि निघाले. फाट्यापर्यंत भाऊ काहीतरी पेरणीचं बोलत होता, मी हूं हूं करत होते.

माझं संशोधन पुरं झालं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, किती जणी गळाल्या आणि का. मी सांगितलं, एक जण, बाळाचा मृत्यू. ते म्हणाले, "ठीक." आणि पुढचं पान उलटलं. मला चांगले गुण मिळाले. नंतर मी मॅडमना म्हटलं, की ज्यांचं बाळ गेलं अशा आयांवरच एक अभ्यास करू. त्यांनी विचार करून सांगितलं, की समितीची परवानगी मिळणं अवघड आहे, अशा बायांना प्रश्न विचारणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं, असं म्हणतील. मी एकदा अर्ज केला. तो परत आला. पुन्हा केला नाही.

ईदनंतर नवरा जाऊन तिला घेऊन आला. आशाताईंनी कळवलं, की ती आता सासूबरोबर बाजारात बसते, कमी बोलते, थोरलीच्या पोराला कडेवर घेते पण पापा घेत नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा गरोदर राहिली. तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. ढगळ बुरखा असायचा, आशाताईंनाही सातव्या महिन्यात समजलं. त्या घरी गेल्या तर तिनं बसवलं, चहा दिला, पुढच्या आठवड्यात नक्की येते म्हणाली. आली नाही. मी स्वतः बाजारात जाऊन तिच्या गाड्यापाशी उभी राहिले. मी म्हटलं, "तुझं रक्त कमी हाय. निदान एकदा तपासून घे."

"गेल्या टायमाला सगळं तपासलं होतं," ती म्हणाली, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला पेरू मोजून द्यायला वळली. सासू माझ्याकडं बघून नुसती हात पसरून राहिली.

ती घरीच बाळंत झाली. बाळ रडलं, पण तिचं रक्त थांबेना. नवऱ्यानं शेजाऱ्याची गाडी काढून तिला थेट बीडला आणलं. माझी ड्युटी सकाळी होती. मी आले तोवर तिला रक्ताच्या बाटल्या चढवून झाल्या होत्या आणि ती वाचली होती. डॉक्टर म्हणाले, की अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. मी तिच्या खाटेपाशी गेले. ती कागदासारखी पांढरी होऊन पडली होती, हाताला सुई, बगलेत फडक्यात गुंडाळलेलं बाळ. नवरा कोपऱ्यात उकिडवा बसून झोपला होता.

तिनं डोळे उघडले. मला ओळखलं. मोकळ्या हातानं बाळाला ओढून आपल्या ओढणीखाली घेतलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

"सिस्टर," ती भिंतीकडंच बघत म्हणाली, "काई इचारू नका."

मी बीपी घेतलं, नाडी घेतली, बाटली बदलली आणि पुढच्या खाटेकडं गेले. दुपारी मॅडमनी कळवलं, की माझा अभ्यास एका परिषदेत मांडायला निवडलाय. मी हो म्हटलं.